कोकणातील कातळशिल्पे आणि हौशी अभ्यासकांचे दस्तऐवजीकरण : एक चिकित्सा

कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर आढळणाऱ्या खोदचित्रांविषयी मराठीत अलीकडच्या काळात विपुल लेखन झाले आहे. वृत्तपत्रीय पुरवण्या, पर्यटनविषयक पुस्तिका, दिवाळी अंकांतील लेख आणि काही शोधनिबंध असा या लेखनाचा विस्तार आहे. तथापि त्यातील बहुतांश लेखन शोधकथेच्या अंगाने जाते. कोणत्या गावी किती आकृती सापडल्या, त्या किती प्राचीन असाव्यात आणि त्यांचे गूढ काय असावे, या तीन प्रश्नांभोवती ते फिरते. या आकृतींची नोंद कोणी घेतली, कशी घेतली आणि त्या नोंदीवर कितपत विसंबता येईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः भावी संशोधनाचा सारा भार या नोंदीवरच पडणार आहे. जांभा हा ठिसूळ, सच्छिद्र दगड असून उघड्या सड्यावरील प्रत्येक पावसाळा खोदरेषा थोडी अधिक बोथट करीत असतो. काही ठिकाणी मूळ आकृतीपेक्षा तिची नोंदच अधिक काळ टिकेल, अशी शक्यता आहे. म्हणून या नोंदींची चिकित्सा ही कलाकृतीच्या चिकित्सेइतकीच आवश्यक ठरते.

या विषयाचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट होईल. रत्नागिरीजवळील निवळी येथील खोदचित्रांची नोंद १९९० च्या आसपास झाली होती. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथील चित्रे १९९३ मध्ये डॉ. प्र. पां. शिरोडकर यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हिवाळे येथील आकृतींकडे २००१ मध्ये सतीश लळीत यांनी लक्ष वेधले. त्यानंतर २०१० च्या दशकात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी व राजापूर परिसरातील सडे पद्धतशीरपणे पालथे घालण्यास प्रारंभ केला. निसर्गयात्री संस्थेच्या माध्यमातून चाललेल्या या कामातून आकृतींची संख्या हजाराच्या पुढे गेली. यांपैकी रिसबूड व्यवसायाने विद्युत अभियंता, तर ठाकूरदेसाई भूगोलाचे प्राध्यापक. पुरातत्त्व हे त्यांच्यापैकी कोणाचेही उपजीविकेचे क्षेत्र नव्हते. प्रारंभी पदरचे पैसे खर्चून, सुटीच्या दिवशी, पायी हिंडून हे काम झाले. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने नंतर त्यात लक्ष घातले. २०१८ मध्ये राज्य शासनाने या आकृतींच्या पुढील अभ्यासासाठी २४ कोटी रुपयांची तरतूद केल्याचे प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील नऊ स्थळांचा समावेश झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ ही ती स्थळे होत. शासकीय यंत्रणा मागाहून आली आणि हौशी माणसे आधी पोहोचली, हा क्रम येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हा क्रम भारतीय शैलचित्रांच्या अभ्यासाला नवा नाही. भीमबेटकाची चित्रे १९५७ मध्ये जगासमोर आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर हे मूळचे चित्रकार. त्यांनी मध्य भारतातील शेकडो शैलाश्रयांतील चित्रांच्या प्रतिकृती स्वतः हाताने उतरविल्या. भीमबेटका जागतिक वारसास्थळ झाले ते २००३ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी. विदर्भाच्या सीमेवर, अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्याला लागून असलेल्या सातपुड्याच्या रांगेत, अंबादेवी परिसरातील चित्रित शैलाश्रयही २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींनीच शोधले. वाकणकरांचे उदाहरण येथे केवळ गौरवासाठी घेतलेले नाही. चित्रकाराचा हात प्रतिकृती करताना रेषेला नकळत वळण देतो. ज्या ठिकाणी रंग पुसट झाला आहे तेथे तो पुरा करतो, किंवा पुरा न करण्याचा निर्णय घेतो. प्रतिकृती हे एक वाचन असते. कोकणातील कातळशिल्पांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते, कारण येथे रंग नाही. येथे आहे ती जांभ्यात कोरलेली रेषा, आणि तिच्या शेजारी त्याच दगडातील नैसर्गिक खळगे, भेगा, झीज व गाडीच्या चाकांचे चरे. यांतील मानवनिर्मित काय आणि निसर्गनिर्मित काय, हे ठरविणे हा नोंदीचा पहिला आणि सर्वांत अवघड टप्पा होय.

प्रत्यक्ष काम कसे चालते याकडे पाहिले म्हणजे ही अडचण स्पष्ट होते. पावसाळ्यात सडा गवताने झाकलेला असतो. गवत वाळल्यावर, साधारणतः दिवाळीनंतर, दगड दिसू लागतो. खोदरेषांत वर्षानुवर्षांची माती आणि शेवाळ साचलेले असते. ते हलक्या हाताने दूर करावे लागते. दुपारच्या डोक्यावरील उन्हात उथळ रेषा दिसतच नाहीत. सकाळी व सायंकाळी तिरपी किरणे पडतात तेव्हाच सावलीमुळे आकृती उठून येते. पुष्कळशा आकृती इतक्या मोठ्या आहेत की जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या एका दृष्टिक्षेपात सामावत नाहीत. कशेळी येथील हत्ती सुमारे अठरा मीटर लांब असून त्याच्या देहरेषेच्या आत सत्तरच्या आसपास लहानमोठ्या आकृती कोरलेल्या आहेत. त्यांत जमिनीवरील प्राणी आहेत तसेच जलचरही आहेत. हा हत्ती समग्र पाहायचा तर उंचावरून छायाचित्र घ्यावे लागते. ड्रोनमुळे ही सोय झाली. परंतु ज्याने तो कोरला त्याने तो अशा उंचीवरून कधीच पाहिला नव्हता, हे भान ठेवणे अगत्याचे आहे. ड्रोनच्या छायाचित्रावर विसंबलेला अभ्यासक आकृतीची रचना अचूक सांगू शकेल. त्या आकृतीभोवती वा आकृतीवरून चालताना पाहणाऱ्याला काय दिसत होते, हा प्रश्न मात्र त्याच्या हातून निसटण्याचा संभव असतो.

खोदरेषा स्पष्ट दिसावी म्हणून ती खडूने, चुन्याने वा रांगोळीसारख्या भुकटीने भरून छायाचित्र घेण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी रूढ होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या शैलकला संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आणि इतर अभ्यासकांनी या पद्धतीला स्पष्ट विरोध केला आहे. कारण दुहेरी आहे. भुकटीमुळे दगडाच्या पृष्ठभागाची रासायनिक स्थिती बदलते आणि पुढील परीक्षणास बाधा येते. शिवाय भुकटी कोठे भरायची हे भरणारा ठरवितो, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक पाहणारा त्याच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. कोकणात हा मोह अधिक आहे, कारण उथळ रेषेचे छायाचित्र छापील पानावर काहीच दाखवीत नाही. तरीही ज्या नोंदीत प्रथम अस्पर्श छायाचित्र, त्यासोबत मोजपट्टी व उत्तर दिशा, आणि नंतरच रेखाटन असा क्रम पाळला गेला आहे, त्या नोंदीचे मोल इतर नोंदींहून कितीतरी अधिक आहे. रेखाटनात निश्चित रेषा अखंड आणि संशयित रेषा तुटक दाखविणे हा साधा संकेतही पुष्कळ वाद टाळू शकतो.

नामकरणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘कातळशिल्प’ हा शब्द मराठीत रुळला, तो सुटसुटीत आहे आणि लोकांनी तो आपलासा केला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु ‘शिल्प’ म्हटले की सौंदर्यदृष्टी आणि कलाकार यांची कल्पना सोबत येते. युनेस्कोच्या यादीत ‘जिओग्लिफ’ हा शब्द आहे. तो भूपृष्ठावरील भव्य आकृतींसाठी, पेरूमधील नास्का येथील रेषांसारख्या उदाहरणांसाठी वापरला जातो. दगडात कोरलेल्या आकृतीसाठी ‘पेट्रोग्लिफ’ हा शब्द आहेच. कोकणातील आकृती दोन्ही वर्गांच्या सीमेवर आहेत; त्या दगडात कोरलेल्या आहेत, पण भिंतीवर नव्हे, पायाखालच्या जमिनीवर. कोणता शब्द निवडावा याविषयी मतभेद राहणारच. परंतु स्थळाच्या नावापेक्षा आकृतीच्या नावात अधिक धोका आहे. नोंदवहीत ‘हत्ती’, ‘वाघ’, ‘गेंडा’, ‘मासा’, ‘मातृदेवता’ असे शब्द लिहिले जातात तेव्हा वर्णन आणि निष्कर्ष एकाच शब्दात मिसळून जातात. ‘चार पाय, लांब शेपूट, गोल डोके, शिंगे नाहीत’ हे वर्णन होय. ‘वाघ’ हा त्या वर्णनावरून काढलेला निष्कर्ष होय. दुसरा पहिल्याची जागा घेऊ लागला की पुढच्या अभ्यासकाला मागे फिरण्याची वाट उरत नाही.

बारसू येथील आकृती या दृष्टीने विशेष बोलकी आहे. मधोमध मानवाकृती आणि तिच्या दोन्ही बाजूंस एकेक पशू, अशी ही रचना आहे. पशूंना वाघ मानले जाते. या रचनेची तुलना सिंधू संस्कृतीतील एका मुद्रेवरील दृश्याशी केली जाते. मेसोपोटेमियातील ‘पशूंचा स्वामी’ या कल्पनेचाही उल्लेख होतो. साम्य दिसते हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दोन पशूंच्या मध्ये उभा मनुष्य ही रचना इतकी सोपी आणि इतकी सममित आहे की ती वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्रपणे सुचू शकते. मुद्रेवरील मनुष्य पशूंना हाताने आवरतो आहे. बारसूतील मनुष्याचे पशूंशी नाते नेमके काय आहे, हे रेषेवरून तितक्या निःशंकपणे वाचता येत नाही. सिंधू मुद्रेचा काळ माहीत आहे, बारसूच्या आकृतीचा नाही. अज्ञात काळाच्या वस्तूला ज्ञात काळाच्या वस्तूशेजारी ठेवले की ज्ञाताचा काळ हळूहळू अज्ञाताला चिकटतो, आणि काही वर्षांनी तोच पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागतो. हौशी नोंदकाराने ही तुलना करू नये असे नाही. ती नोंदीच्या रकान्यात न लिहिता स्वतंत्र टिपणात लिहावी, एवढेच.

कालनिश्चितीचा प्रश्न हा या साऱ्या लेखनाचा सर्वांत दुबळा दुवा आहे. शैलाश्रयातील चित्राखाली मातीचे थर असतात, राख असते, हाडे असतात. उघड्या सड्यावर थर नाहीत, रंगद्रव्य नाही, कोळसा नाही. म्हणून आकृतींचा काळ अप्रत्यक्ष युक्तिवादाने ठरविला जातो. त्यांपैकी एक युक्तिवाद असा की, या आकृतींत शेतीची दृश्ये नाहीत, म्हणून त्या शेतीपूर्व, शिकारी समाजाच्या असाव्यात. हा युक्तिवाद आकर्षक आहे, परंतु अपुरा आहे. कोणताही समाज आपले संपूर्ण जीवन चित्रांत उतरवीत नाही. चित्रविषय निवडले जातात, आणि निवडीमागे बहुधा विधी, श्रद्धा वा प्रतिष्ठा असते. शेती करणाऱ्या समाजानेही सड्यावर केवळ प्राणीच कोरले असणे अशक्य नाही. दुसरा युक्तिवाद प्राण्यांवर आधारलेला आहे. देऊड येथील एका आकृतीत गेंडा ओळखला जातो, अन्यत्र पाणघोड्याचाही उल्लेख होतो. आज कोकणात हे प्राणी नाहीत. गेंड्याचे अस्थी-अवशेष गुजरातमधील लांघणज या मध्याश्मयुगीन स्थळी मिळाले आहेत आणि पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात आढळले आहेत. तेव्हा पश्चिम व मध्य भारतात हे प्राणी एके काळी होते यात शंका नाही. युक्तिवादाला त्यामुळे काही बळ मिळते. मात्र तो सर्वस्वी आकृतीच्या ओळखीवर उभा आहे, आणि ओळख ही वर म्हटल्याप्रमाणे निष्कर्ष आहे. एकाच आकृतीला एकाने गेंडा आणि दुसऱ्याने रानडुक्कर म्हटले तर दहा हजार वर्षांचा फरक पडू शकतो. महाराष्ट्रातील प्राचीन कलेचा ज्याला भक्कम काळ देता येतो असा पुरावा पाहायचा असेल तर जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननाकडे वळावे लागते. तेथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाच्या तुकड्यावर कोरलेली नक्षी उत्तर पुराश्मयुगीन थरात सापडली. तो तुकडा बोटाच्या पेराएवढा असेल-नसेल; परंतु तो कोणत्या थरात होता हे नोंदलेले आहे. कशेळीच्या अठरा मीटर हत्तीपाशी ते नाही. सड्यांलगतच्या गुहांत वा नदीकाठच्या थरांत होणाऱ्या उत्खननातूनच या आकृतींच्या काळाविषयी काही खात्रीने बोलता येईल, आणि तोवर नोंदीत काळाचा रकाना रिकामा राहिला तरी बिघडत नाही.

हौशी अभ्यासकांनी केलेल्या कामाचा खरा कस मात्र दगडावर लागला नाही. तो लागला माणसांत. सड्यावरील आकृती शोधकांनी पहिल्यांदा पाहिल्या असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. गुरे चारणाऱ्यांनी, गवत कापणाऱ्या बायकांनी, पायवाटेने शेजारच्या गावी जाणाऱ्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या होत्या. पांडवांनी एका रात्रीत काढल्या, अशी उपपत्तीही अनेक गावांत होती. देवीहसोळची आकृती आर्यादुर्गेच्या देवस्थानालगत आहे. गावाच्या स्मरणातून ती कधी गेलीच नव्हती. शोधमोहिमांचे यश गावोगावी ‘तुमच्या सड्यावर असे काही आहे का’ हा प्रश्न विचारण्यात आणि उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवण्यात होते. या कार्यकर्त्यांनी ते ओळखले, हे त्यांचे मोठेच श्रेय होय. परंतु प्रसिद्ध लेखनात आकृती दाखविणाऱ्या गुराख्याचे नाव बहुधा येत नाही. येते ते आलेल्या पाहुण्याचे. ही केवळ सौजन्याची बाब नाही. आकृतीला गावात काय म्हणतात, तिच्यावर पाय ठेवीत नाहीत का, तेथे नारळ ठेवतात का, जवळच्या पाणवठ्याचे नाव काय, ही माहिती फक्त त्याच्यापाशी असते. ती आकृतीच्या काळाविषयी काही सांगेल असे नाही, पण आकृतीच्या आयुष्याविषयी निश्चित सांगेल. आणि दगडापेक्षा ही माहिती अधिक वेगाने नष्ट होते आहे.

संरक्षणाच्या प्रश्नाची गुंतागुंत समजण्यासाठी सड्याचे महसुली स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. सातबाराच्या उताऱ्यावर अशी जमीन पुष्कळदा ‘पोटखराब’ म्हणून नोंदलेली असते. कागदावर जी निरुपयोगी, तिच्यावर काय आहे याची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक पावसाळ्यात याच सड्यावर दुर्मिळ रानफुलांचे गालिचे येतात आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना पाणी याच कातळातून झिरपते. दुसरीकडे हा दगड हाच कोकणातील घरबांधणीचा चिरा आहे. यंत्राने चिरे कापणारी खाण एका हंगामात जेवढा सडा सोलून काढते तेवढा पूर्वी पिढीभरात निघत नसे. कातळ फोडून, माती भरून हापूसची कलमे लावण्याची पद्धतही रूढ झाली आहे. यांत कोणाचा दुष्ट हेतू नाही. जमीन खासगी आहे, मालक अनेक आहेत, त्यांतील निम्मे मुंबईत आहेत, आणि जमिनीतून काही उत्पन्न मिळावे ही अपेक्षा रास्त आहे. भीमबेटका वनक्षेत्रात होते. तेथे शासनाला मालकाशी बोलावे लागले नाही. कोकणात प्रत्येक स्थळ म्हणजे एक वाटाघाट आहे.

अशा स्थितीत ‘महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६०’ अन्वये स्थळ संरक्षित घोषित करणे हा मार्ग आहे आणि तो आवश्यकही आहे. मात्र घोषणेची चाहूल लागताच आपली जमीन अडकणार या भीतीने मालकच आकृती नाहीशी करील, हा धोका खोटा नव्हे. उक्षी येथे निराळे घडले. तेथे गावाने पुढाकार घेऊन हत्तीच्या आकृतीभोवती जांभ्याचाच गडगा घातला आणि पाहणाऱ्यांसाठी उंचवटा उभारला. ज्या दगडासाठी सडे कापले जातात त्याच दगडाने येथे सडा राखला. उक्षीचा प्रयोग प्रत्येक गावी जसाच्या तसा होईल असे नाही. परंतु तो यशस्वी झाला याचे कारण कार्यकर्त्यांनी आकृतीच्या आधी गावाशी संबंध जोडला होता, हे उघड आहे.

बारसूचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. २०२२-२३ मध्ये बारसू-सोलगाव परिसर नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पामुळे राज्यभर गाजला. एप्रिल २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणाला ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला. तत्पूर्वीच येथील कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली होती. ही यादी म्हणजे संबंधित देशाने पुढील नामांकनासाठी केलेला प्रस्ताव. तिच्यामुळे आपोआप कायदेशीर कवच मिळत नाही. वादाच्या काळात कातळशिल्पे दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात शस्त्र म्हणून वापरली गेली. आकृती प्रकल्पाच्या सीमेत येतात की बाहेर, एवढ्यापुरताच त्यांचा विचार झाला. एका आकृतीचे अंतर मोजता येते. पण सड्यावरील पाणवठा, पायवाट, आकृती आणि समुद्राकडील उतार यांचे परस्परनाते कोणत्याही नकाशावर नोंदलेले नव्हते. नोंद सुट्या आकृतींची होती, म्हणून बचावही सुट्या आकृतींचाच करता आला. हौशी दस्तऐवजीकरणातील ही उणीव सर्वांत महाग पडली असे म्हणावे लागेल. आकृत्यांच्या संख्येवर दिलेला भर येथे उपयोगी पडला नाही.

स्थळांच्या प्रसिद्धीविषयीही पुनर्विचार व्हावयास हवा. अचूक अक्षांश-रेखांशासह माहिती सर्वांना खुली केली की पर्यटक येतात, आकृतीवर उभे राहून छायाचित्रे घेतात आणि खोदरेषेत स्वतःचे नाव कोरणारेही भेटतात. माहिती दडपली तर खाण सुरू होईपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. यावर एकच उत्तर नाही. ज्या स्थळी राखणदार आहे त्याची प्रसिद्धी आधी, आणि ज्या स्थळी कोणीच नाही त्याची नोंद ग्रामपंचायत व पुरातत्त्व विभाग यांच्यापुरती, असा विवेक काही कार्यकर्ते पाळतात. तो सर्वमान्य झालेला नाही.

उत्तर कोकणात या प्रश्नाचे रूप बदलते. वसई तालुक्यात रत्नागिरीसारखे विस्तीर्ण जांभ्याचे सडे नाहीत; येथील डोंगर काळ्या पाषाणाचे. वसई पूर्वेकडील सातिवलीसारख्या गावांच्या शिवारात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या असून डोंगरपायथ्याचे रूप एका पिढीत पालटले आहे. येथे कातळशिल्पे शोधण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. परंतु दगडावरील खुणांची नोंद वेळेवर न झाल्यास काय होते, याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा भुईगाव येथे मिळाला तो १९५६ मध्ये, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांनी. अशोकाचे हे लेख मालिकेने कोरले जात, तेव्हा सोपाऱ्यासही उरलेले लेख असले पाहिजेत. ते कोणत्या पायात, कोणत्या बांधात, कोणत्या विहिरीच्या काठात गेले, हे सांगणारी एकही ओळ कोणी लिहून ठेवलेली नाही. ज्या शिळेवर ते कोरले होते ती मुळात कोठे उभी होती, हेही हाती असलेल्या दोन तुकड्यांवरून निश्चितपणे सांगता येत नाही.